टोपी, डॉलर आणि ठवकर सर

ठवकर सरांनी माझ्या लग्नाची पत्रिका परत केली. पाकीट उघडलं, चष्मा कपाळावर चढवला, तळाचा फोन नंबर वाचला, बोटांवर मोजला आणि पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली.

"नऊ आहेत वं, सुषमा," ते म्हणाले. "तुझ्या बाबाच्या नंबरात नऊच आकडे आहेत. दहा पाहिजे. मले घेता येत नाही."

तोवर सगळ्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. बाबा तीन दिवसांपासून घरात सांगत फिरत होते, की हल्ली लोक फार समजूतदार झालेत, पत्ता विचारायला एकाचाही फोन नाही. मी पेनाने दहावा आकडा लिहून दिला, तेव्हा सरांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाले, "मान्य."

नागपुरात आमची वेबसाइट बनवणारी छोटी कंपनी आहे. आठ माणसं, दोन कूलर, खाली साड्यांचं दुकान. तुम्ही कुठे ऑनलाइन फॉर्म भरता आणि लाल अक्षरांत "कृपया योग्य नाव लिहा" असं येतं, तेव्हा तुम्ही ज्याला मनातल्या मनात शिव्या देता, तो माणूस आमच्याकडे खिडकीजवळ बसतो. ठवकर सर पंचावन्नच्या पुढचे. आधी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखाना बंद पडल्यावर ते कॉम्प्युटर शिकले आणि फॉर्म तपासू लागले. रकान्यात काय चालेल आणि काय नाही, हे ठरवायला एक खुणांची ओळ लिहावी लागते. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. सर तिला साचा म्हणतात. त्या ओळीच्या सुरुवातीला छपरासारखी एक खूण असते, ती सरांची टोपी. शेवटी डॉलरचं चिन्ह.

"आधी टोपी, शेवटी डॉलर," ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. "दोन्हीकडून दरवाजा लावला नाही, तर काहीही घुसते."

मी एकदा टोपीही विसरले आणि डॉलरही. दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या रकान्यात एका काकूंचा निबंध आला होता: हा नंबर यांचा आहे, हे दुपारी झोपतात, चारनंतर करा, नाही लागला तर समोरच्या किराणा दुकानात सांगा. मधे दहा आकडे सापडल्यामुळे मशीनने सगळं आनंदाने घेतलं होतं. सरांनी ते ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. मग बरोबर चार वाजता काकूंना फोन करून नंबर पक्का करून घेतला.

मराठी नावांचा फॉर्म आला तेव्हा तर कहरच झाला. "फक्त अक्षरं घे" असं मशीनला सांगितलं, पण मशीन काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानेना. चाचणीत कीर्ती बाहेर, सुरेश बाहेर, खुद्द मालक नारायणराव बाहेर. आत गेले फक्त कमल, मदन आणि गगन. सर इतके दुखावले, की डबाही उघडला नाही. "वेलांटीले काहून बाहेर ठेवून राहिला बे," असं ते पडद्याला विचारत होते. तीन दिवस खपून त्यांनी सगळ्या काना-मात्रांना आत घेतलं आणि ऑफिसात पेढे वाटले.

ऑफिसबाहेरही हेच. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याला ते साच्याच्या भाषेत ऑर्डर देतात: "पोहे एक. तर्री शून्य किंवा एक. शेव एक किंवा अनेक." पहिल्या महिन्यात पोहेवाला माझ्याकडे बघायचा. आता तो न बोलता दोनदा शेव टाकतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे मुलींच्या एका वसतिगृहाच्या प्रवेशाचं काम आलं. सरांनी नावाच्या रकान्यात तीन शब्द सक्तीचे केले: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी म्हटलं, "सर, सगळ्यांना तीन असतीलच असं नाही."

"तीन पाहिजे," ते म्हणाले. एरवी ते कारण सांगतात. त्या दिवशी सांगितलं नाही.

जुलैत प्रवेशाची यादी तयार झाली. मी ती छापायच्या आधी नजरेखालून घालत होते, तर एकोणिसाव्या नंबरवर नाव होतं: रोशनी काय लिहू.

ऑफिस हसून हसून लोटपोट झालं. सर उठले आणि त्या फॉर्मच्या नाकारलेल्या नोंदी उघडून वाचायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. आधी "रोशनी". लाल. मग "रोशनी" आणि पुढे एक टिंब. लाल. "रोशनी निर्मला". लाल. "रोशनी निर्मला", कंसात "आईचं नाव". लाल. "वडिलांचं नाव लावत नाही हो". लाल. आणि शेवटी, "रोशनी काय लिहू". तीन शब्द, तिन्ही अक्षरांचे. साच्यात बसले.

माझं हसणं थांबलं होतं. सरांनी चष्मा पुसला. "उद्या शनिवार आहे," ते म्हणाले. "कुहीले जाऊ. पत्ता तिकडचा आहे."

"फोन करू ना, सर. नंबर आहे."

"हे फोनवर विचारायचं नसते वं."

कुहीपर्यंत बस, तिथून ऑटो. धानाच्या रोवणीचे दिवस होते, गावात दुपारी कोणी नव्हतं. रोशनी आणि तिची आई बांधावरून आल्या, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या. ऑफिसचे लोक म्हटल्यावर निर्मलाबाईंचा चेहरा उतरला. "रद्द झाला का जी फॉर्म?" त्यांनी दारातच विचारलं.

"नाही, ताई," सर म्हणाले. "मायं चुकलं होतं, तेच सांगायले आलो. तुमच्या नावात काही चूक नाही."

"मग कॉम्प्युटरमधे माझं नाव काय आहे?" रोशनीने विचारलं.

सर लॅपटॉपची पिशवी उघडायला लागले. शेवटी मी सांगितलं. रोशनी क्षणभर बघत राहिली आणि असं खळखळून हसली, की आईलाही हसू आवरेना, आणि मग मलाही. सरांनी ओट्यावर लॅपटॉप उघडला, तिच्या देखत साच्यातली तीन शब्दांची अट पुसली आणि म्हणाले, "लिही." तिने लिहिलं, रोशनी निर्मला. हिरवं झालं. मग तिने एकदा नावाच्या जागी नुसते आकडे लिहून पाहिले. लाल. "हे बरोबर आहे," ती म्हणाली. "मान्य," सर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये सरांनी खिडकीजवळची जागा धरली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मी आजीजवळ वाढलो, उमरेडले. शाळेत टाकायले नेलं, तर मास्तरनं बापाचं नाव विचारलं. आजीले ते नाव घ्यायचं नव्हतं. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. मास्तर म्हणे, थांबा. अन् त्यानं तिथं आपलं स्वतःचं नाव लिहून देलं. विश्वनाथ."

मी विचारलं, "भेटले का नंतर ते?"

"सहा महिन्यात बदली झाली. कुठं गेले, मालूम नाही. पण त्याईले पोरं असतीनच ना." सरांनी पिशवी मांडीवर नीट घेतली. "म्हणून फॉर्मात मधलं नाव पाहतो मी. रोज. कोनाचं विश्वनाथ आलं, तर गाव वाचतो, वय वाचतो. एखादा भाऊ निघन म्हणून."

"सापडला कोणी?"

"विश्वनाथ बहुत आहेत वं," ते म्हणाले, आणि तिकीट काढायला कंडक्टरला हाक मारली.