रविवारचा कोरडा रकाना

"प्रदर्शन रविवारीच ठेव. आपल्या गावात रविवारी पाऊस पडत नाही," तक्तेवाल्यांनी बायकोला सांगितलं, आणि तेही अशा थाटात, की पाऊस घरातून निघताना यांनाच विचारून निघतो.

हवामान कार्यालयात रोजच्या पावसाचे आणि तापमानाचे तक्ते काढायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून सगळे त्यांना तक्तेवाले म्हणत. पावसाचे निळे खांब, तापमानाची लाल रेघ. अलीकडेच त्यांना शोध लागला होता, की रविवारी निळा खांब कधी नसतोच. सोमवारी मात्र भला थोरला! झालं, सोमवारी कपडे वाळत घालू नका म्हणून त्यांनी अख्ख्या आळीला बजावलं. लाल रेघ कित्येक रविवारी गारठून खाली आलेली होती, पण तिच्याकडे बघायला यांना वेळ कुठे?

बायकोच्या जलरंगातल्या चित्रांचं हे पहिलंच प्रदर्शन. चित्रकला मंडळाचा हॉल दुरुस्तीला काढलेला, म्हणून बागेतली हिरवळ मिळाली होती.

"अहो, नक्की ना? चित्रांना काचा नाहीयेत."

"अगं, तक्ता काय खोटं बोलतो?"

"तक्त्याची नाही हो, मला तुमचीच भीती वाटते."

मंडळाच्या सेक्रेटरीबाई वर ताडपत्री बांधू म्हणत होत्या. तक्तेवाल्यांनी त्यांच्यासमोरही तक्ता पसरला आणि त्यांना गप्प केलं.

रविवारी पाहुणे जमले, आणि पावसाने असं झोडपलं की विचारू नका. एका चित्रातली होडी आधी चौकटीच्या तळाला लागली, मग गवतात उतरली. तक्तेवाले हात पसरून तळ्याच्या एका चित्रावर आडवे पडले, तर ते तळं त्यांच्या पांढऱ्या शर्टात आलं. बायको कोरे झालेले कागद एकेक करून गोळा करत राहिली. भांडली असती तरी बरं, असं त्यांना वाटत राहिलं.

सोमवारी त्यांनी कार्यालयाच्या मागच्या अंगणात, पावसाचं भांडं मोजणाऱ्या मोजणीदाराला गाठलं.

"काल किती पडला?"

"काल? काल रविवार होता की. सुट्टी!"

"अहो, मग पाऊस?"

"साठतो भांड्यात. सोमवारी मोजायचा, सोमवारात धरायचा. तापमानाचं यंत्र तेवढं बिचारं सुट्टी घेत नाही."

"मग रविवारी शून्य कशाला लिहिता?"

"मी कुठे लिहितो? मी रकाना मोकळा पाठवतो. शून्य तुम्ही घालता."

तक्तेवाल्यांचे कान गरम झाले. खरंच, मोकळा रकाना त्यांना बघवत नसे.

संध्याकाळी सेक्रेटरीबाई घरी आल्या. "पावसाने प्रदर्शन बुडालं तर आम्ही पुन्हा तारीख देतो. फक्त त्या दिवशी पाऊस झाल्याचा हवामान कार्यालयाचा दाखला लागतो." मग तक्तेवाल्यांकडे बघून म्हणाल्या, "पण रविवारी तर पाऊस पडतच नाही, नाही का?"

"मग माझी चित्रं कशाने गेली हो?" बायकोने इतक्या शांतपणे विचारलं, की तक्तेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाखले तक्त्यावरूनच निघत, आणि तेही त्यांच्याच सहीने. त्यांनी मान खाली घालून लिहिलं: 'रविवारी पाऊस झाला. रविवारी मोजणी होत नाही, हे मी कधी विचारलंच नाही. शून्यं सगळी माझी आहेत.' खाली सही केली. सेक्रेटरीबाईंनी ते तिथेच मोठ्याने वाचलं, वर म्हणाल्या, "उद्या मंडळाच्या बैठकीतही वाचावं लागेल हं."

तक्तेवाल्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हॉलचं काम अजून चालूच आहे, हिरवळच मिळेल," सेक्रेटरीबाई बायकोला म्हणाल्या. "चित्रं पुन्हा काढून झाली की सांगा. वार कोणता धरू?"

"रविवारच," बायको म्हणाली. "त्या दिवशी यांना सुट्टी असते. छत्री धरून उभं राहायला माणूस लागेलच."