रोज पहाटे पोहणारी बाई

एजंटने दिलेल्या फॉर्ममध्ये 'सकाळी किती वाजता उठता?' असा प्रश्न होता आणि त्यापुढे भिंगरीच्या आईने 'साडेपाच' लिहिलं. एवढंच झालं. बाकीचं सगळं त्या साडेपाचातून निघालं.

खरं तर ती उठायची पावणेआठला, तेही तिसऱ्या गजराला, आणि उठल्यावरची पहिली दहा मिनिटं तिला 'उठलेली' म्हणावं का याबद्दल घरात दुमत होतं. पण फॉर्म फार सुरेख होता. जाड, गुळगुळीत कागद, वर निळ्या अक्षरांत 'आपल्या जीवनशैलीला शोभेल असं घर'. असल्या कागदावर पावणेआठ लिहायला हात धजेना. आणि एकदा साडेपाच लिहिल्यावर खाली 'व्यायाम : नाही' कसं लिहिणार? (ती घरी बसून पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासायची. विसंगती दिसली की तिचा हात आपोआप लाल पेनकडे जायचा.) म्हणून व्यायाम 'रोज' झाला, पाहुण्यांची ये-जा 'भरपूर' झाली आणि छंदापुढे तिने वळणदार अक्षरात लिहिलं, 'पोहणे'.

नवऱ्याने फॉर्म वाचला. तो बंदरातल्या क्रेनचा इंजिनिअर. बदली होऊन आले त्याला तीन आठवडे झाले होते, आणि कंपनीचं गेस्टहाऊस महिनाअखेर सोडायचं होतं.

"ही बाई कोण?" त्याने विचारलं.

"कोण म्हणजे? आपणच."

"मला आवडेल हिला भेटायला."

"समुद्राकाठी राहायला गेलो की होऊच ना आपण अशा," ती म्हणाली.

थट्टेवारी नेण्यासारखं तिच्या बाजूने त्यात काही नव्हतं. प्रश्न भिंगरीचा होता. चार वर्षांची पोर. नाव ठेवलं भिंगरी, पण जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून विचारायची, "पडेन का गं?" घसरगुंडीखाली उभी राहून दुसऱ्या मुलांना सांगायची, "सावकाश हं." हे शब्द कुणाचे, हा सूर कुणाचा, हे आईला चांगलं ठाऊक होतं. आपलं नाक, आपले केस लेकीने घेतले तर घेतले. पण आपली भीतीही तिने उचलली, हे तिला खुपत होतं. समोर मोकळी वाळू, मोकळं पाणी असलं तर पोर मोकळी होईल. म्हणून घर हवं ते समुद्रालगतचंच.

एजंट त्यांना थेट गावातल्या शेवटच्या घरी घेऊन गेला. त्या घरापुढे फक्त वाळू. वरच्या मजल्यावर दातांच्या एक निवृत्त डॉक्टरबाई राहायच्या, खालचा मजला रिकामा होता. डॉक्टरबाई उंच, ताठ, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे अशा बघायच्या की माणूस आपोआप ओठ मिटून घेई.

"आधी दोन दिवस राहून बघा," त्या म्हणाल्या. "एक्स-रे काढल्याशिवाय मी दाढेला हात लावत नाही." मग हातातल्या फॉर्मवरून नजर वर करत म्हणाल्या, "तुम्ही पोहता म्हणे."

"थोडंफार," भिंगरीची आई म्हणाली. (आयुष्यात पहिल्यांदाच तिने खोट्यात काटकसर केली.)

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेपाचला दार वाजलं. दारात डॉक्टरबाई, खांद्यावर टॉवेल.

"निघायचं?"

"आज जरा सर्दी वाटतेय," आईने शिंकून दाखवलं. शिंक इतकी सुमार होती की आत झोपलेल्या नवऱ्याच्या घोरण्यात हसू मिसळलं.

"हरकत नाही. उद्या जाऊ," म्हणत डॉक्टरबाई वर गेल्या. जरा लगबगीनेच गेल्या, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

तो दिवस मात्र भिंगरीचा होता. तिने वाळूत खड्डा खणला, त्यात बसली, उठली आणि कुणालाही न विचारता दुसरा खणला. आई खिडकीतून बघत राहिली. मधूनमधून तिची हाक जायची, 'सांभाळून!' संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "हे घर मिळालंच पाहिजे. उद्या मी पाण्यात उतरणार."

"तुला पोहता येत नाही."

"घोट्यापर्यंत येतं."

दुसऱ्या पहाटे ती नवऱ्याची ट्रॅकपँट आणि जुना शर्ट घालून तयार होती. दाराच्या आवाजाने भिंगरीही उठून मागे आली. तिघी वाळूतून चालत पाण्याशी पोहोचल्या. वारा बोचरा होता. पाणी पायांना लागलं आणि आईच्या तोंडून वर्णमालेत नसलेलं एक अक्षर निघालं.

"व्हा पुढे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"छे, आधी तुम्ही. तुम्ही मोठ्या."

"पाहुण्यांचा मान आधी."

"तुम्हाला इथलं पाणी माहितीचं."

"पाणी सगळीकडे सारखंच असतं हो."

असा मानपान पाच मिनिटं चालला. दोघी घोटाभर पाण्यात, हात छातीशी घट्ट, दात वाजताहेत. (त्यातले एकीचे दात तर डॉक्टरचे.) तेवढ्यात आईने शेजारी बघितलं तर भिंगरी नाही. ती चार पावलं पुढे, गुडघाभर पाण्यात उभी होती आणि येणाऱ्या लाटेला सांगत होती, "सावकाश हं."

आईने धाव घेतली. म्हणजे धाव घ्यायचं ठरवलं. पाय वाळूत रुतला आणि ती पाण्यात आडवी झाली. नाकातोंडात पाणी. तिला धरायला डॉक्टरबाई वाकल्या आणि त्याही बसल्या. भिंगरी मागे वळली, दोघींकडे बघितलं आणि आईला हात देत समजुतीने म्हणाली, "आई, तुला पोहता येत नाही ना? मग कशाला यायचं?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई तशीच पाण्यात बसून म्हणाली, "मी फॉर्मवर खोटं लिहिलं. मी पावणेआठला उठते. मला पाण्याची भीती वाटते. मला सगळ्याचीच वाटते."

डॉक्टरबाईंनी एक भला मोठा निःश्वास सोडला. "मग मला का उठवलंत? निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं मी आठच्या आत उठलेली नाही. एजंट म्हणाला, पोहणारं कुटुंब आहे, त्यांना सोबत लागते. म्हटलं, चांगली माणसं हातची जायला नकोत. मी पोहते ती दुपारी चारला. पाणी कोमट झाल्यावर."

घरी येऊन, चहाचा कप आईच्या हातात देत डॉक्टरबाईंनी एक कोरा कागद पुढे केला. "आता खरं लिहा."

आईने लिहिलं. उठणं पावणेआठ. व्यायाम : हरवलेल्या वस्तू शोधणे. पाहुणे : नकोत. घर : खाली दुकानं, माणसांचा वावर, रात्री रस्त्यावर दिवा. खिडकीतून पाणी दिसलं नाही तर बरं.

डॉक्टरबाईंनी कागद उजेडात धरून वाचला, दाढेचा फोटो बघावा तसा. मग शांतपणे म्हणाल्या, "हे घर तुमचं नाही."

"पण भिंगरी..."

"इथे राहिलात तर दिवसभर खिडकीत उभ्या राहून तिला हाका माराल. काल मी वरून ऐकत होते. एकोणीस वेळा 'सांभाळून'. पोरीला समुद्र हवाय ना? तो दोन गल्ल्या मागे राहूनही मिळतो. घर मात्र तुम्हाला निजता येईल असं हवं. आई निवांत असली की पोर आपोआप पुढे जाते."

आईने आपलाच कागद पुन्हा वाचला. एवढे दिवस ती लेकीसाठी घर शोधतेय असं समजत होती, आणि शोधत होती ती स्वतःऐवजी राहायला येईल अशी कुणी दुसरी बाई. प्रुफात दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला हे दिसू नये म्हणजे कमाल होती.

महिनाअखेरीला ते दोन गल्ल्या मागे, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर राहायला गेले. खालच्या यंत्रांच्या उबेने फरशी कोमट राहायची, रस्त्यावर माणसं असायची, खिडकीतून समोरच्याचे वाळत घातलेले शर्ट दिसायचे. आईला तिथे पहिल्याच दिवशी दुपारी झोप लागली. रोज चारला डॉक्टरबाई यायच्या आणि भिंगरी त्यांचं बोट धरून समुद्रावर जायची. आई मागून टॉवेल घेऊन जायची आणि कोरड्या वाळूत बसायची. 'सांभाळून' तीनदाच म्हणायचं, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. (चौथं मनात म्हटलं तर चालतं.)

खोटं लिहिण्याची खोडही तिने कायमची सोडली. फक्त नव्या घरातल्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला तेव्हा खाली धुलाईचं मोठं यंत्र फिरत होतं आणि सासूबाई म्हणाल्या, "मागे काय गं, लाटा का?"

आता लाटा ऐकू आलेल्या माणसाचा आनंद कशाला घालवायचा? "हो," ती म्हणाली.

मग सासूबाई वरचेवर फोन करू लागल्या. पाच मिनिटं बोलायचं आणि पाच मिनिटं लाटा ऐकायच्या. एकदा तर त्यांनी फोन स्पीकरवर टाकून शेजारणीलाही ऐकवल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदाच सोमवारी फोन केला. खाली शुकशुकाट.

"आज काहीच आवाज नाही गं?"

आई शब्द जुळवत होती, तोवर भिंगरीने फोन ओढून घेतला. "आजी, आज सोमवार. समुद्राला सुट्टी असते."

मग सासूबाई म्हणाल्या, "असू दे. आमच्या इथल्या लाँड्रीलाही सोमवारीच असते."