सोपानरावांचे पाव किलो वॉशर

सोपानरावांच्या घरात पाऊल टाकलं की आधी चपला जप्त होतात. तुम्ही उंबऱ्यात त्या काढायचा अवकाश, सोपानराव त्या उचलून आतल्या लोखंडी कपाटात ठेवतात आणि कुलूप लावतात. "कुत्रं नेतंय," असं कारण सांगतात. कुरुळीच्या त्या गल्लीत मी दोन वर्षं जातोय, आजवर एक मांजर तेवढं दिसलंय. निघायचं म्हटलं की किल्ली सापडत नाही. ती सापडेपर्यंत चहा होतो आणि चहा समोर आल्यावर माणूस पुन्हा बसतो. वर सोपानराव विचारणार, "बसा की हो. गाडी सुटतीय व्हय?"

सोपानराव आमच्या चाकणच्या कंपनीत स्टोअरकीपर आहेत. जाळीच्या खिडकीमागे बसून नटबोल्टपासून हातमोज्यांपर्यंत सगळं देतात. वय सत्तावन्न, मिशा भरघोस, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा आणि सून बाणेरला, आयटीत.

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते हे बाहेरच्यांना विचित्र वाटतं. रविवारी सगळं जग झोपलेलं असताना आम्ही कंपनीच्या बसमध्ये, आणि गुरुवारी बायको नोकरीवर, पोरं शाळेत, आम्ही घरात भिंतींकडे बघत. यातूनच आमचा पत्त्यांचा अड्डा सुरू झाला. मी, पेंट शॉपमधले कुलकर्णी, लातूरहून आलेला फिटर धनाजी वाघ आणि यजमान सोपानराव. सकाळी दहाला सतरंजी पडायची ती चारला उचलली जायची.

खेळ होता पोकर. दोन पत्ते आपल्या हातात, पाच सतरंजीवर उघडे, त्यातून ज्याची जुळणी सरस तो जिंकला. पैसे लावायचे नाहीत ही सोपानरावांची अट होती, म्हणून त्यांनी चाकणच्या हार्डवेअरच्या दुकानातून वॉशर, म्हणजे बोल्टखाली घालायच्या भोकाच्या चकत्या, आणले. ते मोजून देत नसत. स्टोअरची सवय! स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येकाला पाव किलो तोलून द्यायचे, वर एक वॉशर इकडेतिकडे झाला तर काट्याला फुंकर मारून पुन्हा बघायचे. डाव वाढवायचा तर एका वेळी फक्त दोन वॉशर, तेही ठरावीक वेळाच. याला लिमिट म्हणतात. पाव किलो वॉशर असे दोन-दोनने संपवायला अख्खा दिवस लागतो. सोपानरावांना हा खेळ फार आवडायचा. ते हरायचे, खूश असायचे आणि दीड वाजता मासवडी वाढायचे.

त्या मासवडीबद्दल सांगायलाच हवं. गुरुवार म्हणून मटण नाही, पण मासवडी आणि झणझणीत रस्सा. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरायचं आणि वळकटी करून वड्या पाडायच्या. हे काम बायकांनासुद्धा घाम फोडतं. सोपानराव पहाटे उठून ते करायचे. वहिनींच्या हाताची चव आठवून आठवून त्यांनी ती जमवली होती. पहिले सहा महिने आम्ही जे खाल्लं त्याबद्दल न बोललेलंच बरं.

आणि मग वाघाने मोबाइलवर कुठलातरी सामना पाहिला.

"हे दोन-दोन वॉशर काय लावायलाव राव?" तो म्हणाला. "नो-लिमिट खेळू! वाटलं तर एकदाच समदं लावायचं. अन् संपलं की उठायचं. पुन्हा वॉशर मिळणार न्हाईत."

मी आणि कुलकर्णी लगेच तयार. सोपानरावांनी काट्यावरचे वॉशर पुन्हा एकदा तोलले. "बरं. खेळाचा नियम त्यो नियम," एवढंच म्हणाले.

पहिल्याच गुरुवारी कुलकर्णी अकराला संपले. पावणेबाराला मी. बाराच्या ठोक्याला वाघाने सोपानरावांचा पाव किलो एका डावात ओढला. कुलकर्णी केव्हाच घरी गेले होते, मलाही बँकेचं काम आठवलं, वाघ जिंकल्याच्या आनंदात निघाला. त्या दिवशी कपाटाची किल्ली पटकन सापडली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये सोपानराव भला मोठा डबा उघडून सगळ्यांना मासवडी वाटत होते. "कालची उरली," म्हणाले. मी तीन खाल्ल्या आणि मला काहीसुद्धा कळलं नाही. आजही त्याची लाज वाटते.

त्यानंतर हा माणूस नो-लिमिट शिकायला बसला. बसमध्ये माझ्याशेजारी येऊन विचारायचे, "भाऊ, समोरच्यानं समदं लावलं, तर पत्त्याकडं बघायचं का त्याच्या तोंडाकडं?" मला ठाऊक असतं तर मी पावणेबाराला कशाला संपलो असतो? पण उत्तर त्यांच्याकडेच होतं. तीस वर्षं खिडकीत बसून त्यांनी हातमोजे मागणारी माणसं पाहिली होती. कुणाचे खरंच फाटलेत आणि कुणाला गावाकडं न्यायचेत, हे त्यांना माणूस खिडकीशी येण्याआधीच कळतं. महिनाभरात त्यांनी हेरलं की हातात काही नसलं की वाघ आपल्या वॉशरची चळत नीट लावत बसतो. मग काय, वाघाने चळतीला हात लावला की सोपानराव शांतपणे म्हणायचे, "घे, माझं बी समदं." वाघ हार मानून पत्ते टाकायचा. त्याला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि हे वाचूनही कळेल असं नाही.

गंमत म्हणजे इतकं जमूनही सोपानराव शेवटी जिंकायचे नाहीत. कुणाचे वॉशर आठ-दहावर आले की त्याचं नशीब हमखास उघडायचं. दीडच्या आत आमच्यातला कुणीही सतरंजीवरून उठेना. आम्ही म्हणायचो, सोपानराव शिकले खरे, पण कच्चे आहेत.

एका गुरुवारी बाराच्या सुमाराला वाघ सात वॉशरवर आला. वैतागून त्याने सातही पुढे ढकलले. हातात नव्व्यांची जोडी. सतरंजीवर एक बादशहा उघडा पडला होता. सोपानरावांनी आपले पत्ते बराच वेळ पाहिले आणि पालथे टाकले. "न्हाई जमत," म्हणाले. वाघाने वॉशर ओढले आणि खोडीने ते पालथे पत्ते उलटले. दोन बादशहा.

"तीन बादशहा असून टाकले?" वाघ भडकला. "दया दाखवायलाव का माझ्यावर?"

"दया कसली?" सोपानराव स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले. "तू हरला असतास तर उठला असतास. तू उठलास की हे दोघं चुळबुळ करत्यात. मासवडी अजून चिरायची हाय." मग पत्ते गोळा करत म्हणाले, "पोराला सुट्टी शनवार-रविवार. तवा मी स्टोअरात. माझी सुट्टी बेस्तरवारी, तवा त्यो हापिसात. तुमी गेला की घरात निस्ता फ्रिज वाजतो बघा."

वाघाचीही बायकापोरं लातूरलाच. खाली मान घालून तो म्हणाला, "लिमिटच खेळू मग, काका." त्याआधी तो त्यांना नुसतंच राव म्हणायचा.

"अजिबात न्हाई!" सोपानराव उसळले. "आता कुठं मला जमाया लागलंय!"

तेव्हा नो-लिमिट चालू राहिलं. मागच्या गुरुवारी मात्र पत्त्यांनी त्यांनाच दगा दिला. साडेबाराला त्यांच्यापुढे नऊ वॉशर उरले. हरले तर आपल्याच घरात, आपल्याच सतरंजीवरून त्यांना उठावं लागलं असतं, कारण नियम तो नियम. त्यांनी नऊही पुढे सारले. "समदं."

कुलकर्णी आणि वाघाने पत्ते टाकले. माझ्या हातात एक्क्यांची जोडी होती आणि खाली तिसरा एक्का. दोन वर्षांत असे पत्ते मला आले नव्हते, आणि सोपानरावांना हरवायची मला फार हौस होती. मी पत्ते पालथे टाकले आणि गड्डीत मिसळून टाकले.

सोपानरावांनी वॉशर ओढले. माझ्या तोंडाकडे तसंच पाहिलं, जसं ते खिडकीतून बघतात.

"बरे हुते न्हवं पत्ते?"

"कसले बरे? दुर्री-तिर्री."

"व्हय व्हय," ते म्हणाले आणि मासवडी चिरायला उठले. आतून सुरीचा आवाज सुरू झाला. मग ओरडून म्हणाले, "भाऊ, चारला जायची घाई करू नका. किल्ली सापडंना झालीय."

किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून अर्धी बाहेर आलेली मी मघाशीच पाहिली होती. मी म्हटलं, "शोधा सावकाश."