हिल्काचं प्रात्यक्षिक

सकाळी साडेदहा वाजता हिल्काने मोबाइल इंटरनेटचं नवंकोरं मोडेम लॅपटॉपला लावलं आणि पडद्यावर मोडेमऐवजी सीडी उगवली.

"ओइवा, तू यात सीडी घातलीस का?"

तिचा नवरा ओइवा दाराबाहेर पायरीवर बसून मासे साफ करत होता. त्याने मान वर केली. "त्या लॅपटॉपला सीडी घालायला जागा तरी आहे का?"

जागा नव्हती, तो तेवढा लहान होता. हिल्काने मोडेम काढलं, फुंकर मारली, परत लावलं. पुन्हा सीडी आली. ती उघडून पाहिली तर आत विंडोजसाठीचा प्रोग्राम. हिल्काच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स होतं. त्या प्रोग्रामचा तिला उपयोग शून्य.

एरवी तिने खांदे उडवले असते आणि कॉफी टाकली असती. पण आज गुरुवार होता, आणि दोन वाजता तिला या मोडेमवरून, तळ्याकाठच्या या उन्हाळी झोपडीतून, गावातल्या निवृत्तांच्या संगणक क्लबाशी बोलायचं होतं. चेहरा दाखवून.

त्याचं असं झालं होतं. क्लबाला बारा जुने संगणक देणगी म्हणून मिळाले. त्यांच्यावर लिनक्स घालायचं, असं हिल्काचं म्हणणं. ती चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आयुष्यभर लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, तेव्हा यंत्राची तिला भीती नव्हती. विंडोजच घ्यायचं, असं रेइनोचं म्हणणं. रेइनो निवृत्त विमा अधिकारी. ज्या वस्तूबद्दल तक्रार करायला एखादं कार्यालय नाही, ती वस्तू त्याला वस्तूच वाटत नसे. मागच्या बैठकीत तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुझं लिनक्स घरी भिंतीतल्या तारेवर चालतं, हिल्का. आमचे अर्धे सभासद जूनपासून तळ्यावर असतात. तिथे मोडेम लावून चालवून दाखव, मग बोलू."

"दाखवते की," हिल्का म्हणाली होती. "पुढच्या गुरुवारी, दोन वाजता. मी तळ्यावरून बोलेन, तुम्ही सगळे मला पडद्यावर बघा. लगेच मतदान घ्या."

हे बोलताना तिच्याकडे मोडेम नव्हतं. ते बुधवारी ओइवाने दुकानातून आणलं. दुकानदार म्हणाला होता, कुठेही लावा, चालतंच.

अकरा वाजता हिल्का फोन घेऊन धक्क्याच्या टोकाला गेली. झोपडीपाशी फोनला रेंज नसे. टोकाला उभं राहून तळ्याकडे तोंड केलं की दोन रेघा दिसत. मोडेमवाल्या कंपनीच्या मदत केंद्रात बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक तरुण आवाज आला.

"तुमचं विंडोज कुठलं?"

"कुठलंच नाही. लिनक्स आहे."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "त्याला आम्ही अधिकृतपणे मदत करत नाही. अनधिकृतपणे सांगायचं तर मी स्वतः तेच वापरतो. तुमचं मोडेम आधी सीडीचं सोंग घेतं. विंडोजला ते सोंग कळतं, लिनक्सला सांगावं लागतं. एक छोटा प्रोग्राम आहे, तो मोडेमला सांगतो की बाबा, आता पुरे कर. तो बसवलात की दोन मिनिटांचं काम."

"मिळतो कुठे?"

"इंटरनेटवर. उतरवून घ्या."

हिल्काने तळ्याकडे पाहिलं. एक बदक पिल्लांना घेऊन चाललं होतं. "माझ्याकडे इंटरनेट असतं," ती शांतपणे म्हणाली, "तर मी तुम्हाला फोन केला असता का?"

"हो, तेही खरंच," तरुण म्हणाला. तो मनापासून वाईट वाटल्यासारखं बोलला, पण त्याने प्रोग्राम काही फोनमधून येणार नव्हता. तिने त्याच्याकडून फाइलीचं नाव अक्षर अक्षर लिहून घेतलं.

आता इंटरनेट आणायचं कुठून? गावातलं ग्रंथालय चाळीस किलोमीटरवर, आणि उन्हाळ्यात गुरुवारी ते चारला उघडायचं. आसपासच्या झोपड्यांमधल्या लोकांकडे रेडिओखेरीज काही नव्हतं. फक्त समोरच्या काठावर एका लाल झोपडीत लॅपटॉप होता, मोडेम होतं, सगळं होतं. ती झोपडी रेइनोची होती.

"तिथे मी मेले तरी जाणार नाही," हिल्का म्हणाली.

"तू नको जाऊ, मी जातो," ओइवा म्हणाला. "रेइनो आज गावात आहे, क्लबात. घरी त्याची बायको आउने एकटीच असेल. तिला माझे मासे आवडतात."

ओइवाने सदतीस वर्षं बस चालवली होती. संगणकाचा आणि त्याचा संबंध वर्तमानपत्र ठेवायला सपाट जागा, इतकाच. पण दुसरा इलाज नव्हता. हिल्काने त्याला पेनड्राइव्ह दिला आणि फाइलीचं नाव लिहिलेला कागद दिला.

"काय आणायचंय ते सांगशील, पण कशासाठी ते सांगायचं नाही. आणि कॉफी प्यायला बसू नकोस."

"कॉफीला नाही म्हटलं तर आउनेला काय वाटेल?"

"एक कप घे. एकच."

ओइवा मासे, कागद आणि पेनड्राइव्ह घेऊन होडीत बसला. वल्हवत पलीकडे जायला अर्धा तास लागे. हिल्का दुर्बीण घेऊन धक्क्यावर उभी राहिली. पाऊण तासाने तिला समोरच्या व्हरांड्यात ओइवा दिसला. पहिला कप झाला. वेलदोड्याच्या पावाची थाळी आली. दुसरा कप झाला. आउने काहीतरी सांगत होती, ओइवा मान डोलवत होता. तिसऱ्या कपाला हिल्काने दुर्बीण खाली ठेवली, कारण डोळ्यांनी ओढून माणूस होडीत बसत नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी होडी धक्क्याला लागली.

"मिळालं का?"

"मला ते कागदावरचं काही जमेना," ओइवा धापा टाकत म्हणाला. "पण आउने म्हणाली, मोडेमचं जे काय आहे ते रेइनो एका फोल्डरात ठेवतो. 'सैतान' नावाच्या. मी अख्खा सैतानच आणला. आणि काय गं, त्यांचा पडदा अगदी तुझ्यासारखाच दिसतो."

"सगळे पडदे सारखेच दिसतात," हिल्का म्हणाली आणि पेनड्राइव्ह त्याच्या हातातून घेऊन आत पळाली. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ती पळाली, हे ओइवाने नंतर बऱ्याच जणांना सांगितलं.

फोल्डरात दोनच फाइली होत्या. एक हवा होता तोच प्रोग्राम. दुसरी एक टिपण. नेटवरून कुणाचं तरी घेतलेलं असणार, असं समजून हिल्काने ते उघडलं.

'१. मोडेम खोचावं. २. ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवू नये. ते स्वतःला सीडी म्हणवतं. खोटं बोलतं. ३. सोबतचा प्रोग्राम बसवावा, मोडेम काढून पुन्हा खोचावं. आता ते कबूल करेल. ४. शिव्या द्याव्यात. उपयोग होत नाही, पण द्याव्यात. ५. पिन घालावा. घाई करू नये.'

लिहिणारा माणूस हिल्काला आवडला. तिने प्रोग्राम बसवला, मोडेम काढलं, खोचलं. सीडी गायब झाली. मोडेमवरचा निळा दिवा लुकलुकू लागला आणि पडद्यावर चौकोन आला: पिन.

"ओइवा, पिन काय ठेवलायस?"

"आपल्या लग्नाचं वर्ष," ओइवा बाहेरून अभिमानाने म्हणाला. "तू विसरणार नाहीस म्हणून."

हिल्काने एकोणीसशे सहासष्ट टाकलं. चूक. बोट घसरलं असेल म्हणून जपून, एकेक आकडा बघत पुन्हा टाकलं. चूक. खाली लाल अक्षरांत आलं: एकच संधी उरली आहे. ती हुकली की मोडेममधलं सिमकार्ड बंद, आणि ते उघडायचा लांबलचक नंबर शहरातल्या घरी, स्वयंपाकघरातल्या खणात.

दोनला पंचवीस मिनिटं कमी होती. हिल्का खुर्चीतून उठली, दारात गेली आणि नवऱ्याकडे पाहत राहिली.

"ओइवा, आपलं लग्न कधी झालं?"

"जूनमध्ये."

"वर्ष विचारतेय."

"सदुसष्ट," ओइवा म्हणाला. त्याच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता.

"सदुसष्ट साली आपला रिस्तो झाला. मार्चमध्ये."

ओइवाने बोटांवर काहीतरी मोजलं. मग पुन्हा मोजलं. "असं होय," तो म्हणाला.

हिल्का आत आली आणि तिने खोटं वर्ष टाकलं. मोडेमने ते मुकाट्याने मान्य केलं. या विषयावर आपण संध्याकाळी सविस्तर बोलू, असं ती खिडकीतून म्हणाली, आणि ओइवा काही काम नसताना लाकडं फोडायला गेला.

पण रेंज नव्हती. निळा दिवा एकदा लागे, चारदा विझे. हिल्काने लॅपटॉप घेऊन धक्का गाठला. तिथे फोन चालला होता, पण चेहरा जायला दोन रेघा पुरत नव्हत्या. उन्हात पडदाही दिसेना. ती परत आली आणि त्या भल्या माणसाने पुढे काही लिहिलंय का ते पाहिलं.

लिहिलं होतं. '६. रेंज नसेल तर लांब तार लावून मोडेम स्टीलच्या चाळणीत बसवावं. चाळणी सौनाच्या छपरावर, मोबाइलच्या मनोऱ्याच्या दिशेने तोंड करून ठेवावी. चाळणी आउनेला विचारून घ्यावी.'

हिल्काने ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग टिपणात आणखी खाली पाहिलं.

'७. क्लबात कुणालाही कळू देऊ नये.' आणि तारीख: चौदा जुलै, दोन हजार आठ. म्हणजे गेल्या वर्षीची.

रेइनो. ज्याने वर्षभर दर बैठकीत लिनक्सला नावं ठेवली, तो घरी वर्षभर तेच चालवत होता, त्याच मोडेमशी झगडून, चाळणीसकट.

"ओइवा," तिने हाक मारली, "कुऱ्हाड ठेव आणि छपरावर चढ."

दोनला दोन मिनिटं कमी असताना ओइवा सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावर पालथा पडून, शेवया निथळायची चाळणी दोन्ही हातांनी धरून, पलीकडच्या मनोऱ्याच्या दिशेने तोंड करून होता. निळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. दोन वाजता हिल्काच्या पडद्यावर क्लबाचं सभागृह आलं. सतरा जण. मधोमध टाय लावून रेइनो.

"दिसतेय, दिसतेय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या झाल्या.

रेइनोने हात वर करून टाळ्या थांबवल्या. "दिसतेय हे ठीक. पण हे सगळ्यांना जमणार आहे का? हिल्काने टेलिफोनात आयुष्य काढलंय. सामान्य सभासदाने काय करायचं? एकेक पायरी सांग, हिल्का. काही लपवू नकोस."

हिल्काच्या समोर ते टिपण उघडंच होतं. एक वाक्य बोललं असतं तर काम झालं असतं. बारा संगणक, मतदान, वर्षभराचे टोमणे, सगळ्याचा निकाल. तिने रेइनोकडे नीट पाहिलं. टाय त्याने आजच्यासाठी मुद्दाम लावला होता.

"सांगते," ती म्हणाली आणि वाचू लागली. "पहिली पायरी, मोडेम खोचावं. दुसरी, ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवू नये. ते स्वतःला सीडी म्हणवतं. खोटं बोलतं."

सभागृहात हशा पिकला. रेइनो हसला नाही. त्याची मान जरा पुढे आली.

"तिसरी. सोबतचा प्रोग्राम बसवावा, मोडेम काढून पुन्हा खोचावं. आता ते कबूल करेल. चौथी, शिव्या द्याव्यात. उपयोग होत नाही, पण द्याव्यात."

आता लोक टेबलं बडवत होते. रेइनोचा चेहरा कॉलरपासून वर वर लाल होत गेला, थर्मामीटरसारखा. हिल्काने पाचवी वाचली. सहावी वाचली, पण चाळणी कुणाला विचारून घ्यायची ते गाळलं. मग ती थांबली.

"सातवी?" रेइनोने विचारलं.

"सहाच आहेत," हिल्का म्हणाली.

रेइनो खुर्चीत मागे टेकला. मतदान झालं. बारा संगणकांवर लिनक्स, असं म्हणत सतरा हात वर गेले, आणि त्यात पहिला रेइनोचा होता. इतकं स्पष्ट लिहून दिलेलं असेल तर आपला विरोध नाही, असं तो म्हणाला.

"पण हे लिहिलंय कुणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "असा माणूस शिकवायला पाहिजे आपल्याकडे. दर मंगळवारी."

"एका अनुभवी माणसाने," हिल्का म्हणाली. "नाव सांगायची परवानगी नाही. पण मी त्याला विचारून बघते, वेळ आहे का."

"नाही, मंगळवारी त्याला मुळीच वेळ नसतो," रेइनो म्हणाला.

सोळा जण हळूहळू त्याच्याकडे वळले.

"बुधवारी चालेल," रेइनो म्हणाला आणि टाय सैल केला.