दोन पिंपं गप्पी

आमच्या बिल्डिंगमधले घरत अण्णा भेटले की "काय, कसं काय" असं विचारत नाहीत. खिशातून दोन चिंध्या काढतात, तुमच्या नाकासमोर धरतात आणि विचारतात, "यातली जास्त लाल कुठली?"

दोन्ही चिंध्या लाल. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन घामाघूम, लिफ्ट बंद पडलेली, आणि हे सत्तरीचे गृहस्थ जिन्यात वाट अडवून उभे. बहुतेक लोक "सेमच आहेत की" म्हणून सटकतात. मग अण्णा "बरं" म्हणतात, चिंध्यांची घडी करून खिशात ठेवतात आणि त्या माणसाला मनातल्या मनात नापास करून टाकतात.

मी मात्र अडकले. माझा धंदाच ब्लाउज शिवायचा. तीस वर्षं बदलापूरच्या बायकांचे ब्लाउज शिवतेय आणि अस्तराचं मॅचिंग करायला दर आठवड्याला उल्हासनगरची खेप मारतेय. हातात चिंधी आली की माझं तोंड गप्प राहत नाही. मी म्हटलं, "डावी. तिच्यात निळ्याची झाक आहे. उजवी जरा पिवळ्याकडे जाते."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हे रडतात की काय.

"वहिनी, गच्चीवर चला."

"आत्ता? माझं दूध गॅसवर आहे."

"मग? उत्क्रांती काय तुमच्या दुधासाठी थांबणार आहे?"

आता हे अण्णा कोण ते सांगते. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. काम काय, तर शेड मॅचिंग. कापडाचा नमुना येणार आणि रंगाची बॅच त्याच्याशी जुळते का ते हे बघणार. तेही ट्यूबलाइटखाली नाही, उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून. उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, शेअरमध्ये पैसे घालवतात. हा माणूस गच्चीवर दोन निळी पिंपं घेऊन बसला.

पिंपात गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून नगरपालिकेची माणसं वाटतात ना, तेच. दोन्ही पिंपांत मासे एकाच पिशवीतले, पाणी एकच, खाणं एकच. फरक एवढाच, की पिंप नंबर दोनमध्ये दर रविवारी दुपारी अण्णा बोटभर मरळ, म्हणजे मासे खाणारा मासा, सोडतात. बदलापूर गावातला एक ओळखीचा माणूस नदीत गळ टाकतो, तो आणून देतो. मरळ दोन तास पोटभर जेवते आणि मग तिला बाहेर काढतात. जरा मोठी झाली की परत उल्हास नदीत सोडायची आणि नवीन आणायची. आमचे सेक्रेटरी पाटकर हे ऐकून फार हळहळले होते. "परत सोडता? कालवण नाय करत? काय माणूस आहे यार."

"हे कशासाठी, अण्णा?" मी विचारलं. इथेच माझं चुकलं. त्या दिवशी दूध गेलंच, वर पातेलंही गेलं.

गप्पीत नर रंगीत, मादी साधी. मादीला भडक नर आवडतो. पण भडक नर मरळीलाही आधी दिसतो. आता मरळ असेल तिथे कोण टिकणार? मातकट. मरळ नसेल तिथे? भडक. त्यांची पिल्लं त्यांच्यासारखी. पिल्लांची पिल्लं आणखी. तीन-चार महिन्यांत एक पिढी, अशी अकरा वर्षं. "एकाच पिशवीतले मासे, वहिनी! आणि बघा, पिंपागणिक वेगळे व्हायला लागले. त्यांना कोणी सांगितलं? कोणी ठरवलं? कोणी ठरवलं नाही हो. झालं!"

हे "कोणी ठरवलं नाही, झालं" त्यांच्या तोंडात कायम. तेव्हा त्यांचे हात असे उडतात की आपण पिंपापासून दोन पावलं मागे सरकलेलं बरं.

शास्त्रज्ञांची नावं ते घेत नाहीत. घरातल्या मोठ्यांची नावं कुठे घेतो आपण? ज्यांनी हा सगळा शोध लावला ते 'दाढीवाले आजोबा'. त्यांच्या आधीचे, जिराफाने मान ताणली म्हणून पोरांच्या माना लांब झाल्या असं सांगणारे, ते 'फ्रेंच काका'. वाटाण्याच्या शेंगा मोजणारे पाद्री ते 'वाटाणेवाले महाराज'. आजोबांनी सगळं समजून वीस वर्षं गप्प बसायचं ठरवलं, आणि मग लांबच्या बेटावरून तापाने फणफणलेल्या एका तरुणाचं पत्र आलं, त्यात नेमकं तेच लिहिलेलं. ही गोष्ट अण्णा अशी सांगतात की जणू ते पत्र आमच्या बिल्डिंगच्या वॉचमननेच वर नेऊन दिलं होतं. "आजोबांची झोप उडाली असणार बघा. पण माणूस सज्जन. दोघांचं एकत्रच वाचून दाखवलं." आणि महाराजांचं काय झालं ते सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. "एवढे वाटाणे मोजले, आणि जिवंत असेपर्यंत कोणी धड वाचलं नाही."

फ्रेंच काकांवर मात्र त्यांचा राग नाही. "चुकले, पण प्रजाती बदलतात हे तर बोलले. तेवढं बोलायलाही छाती लागते." एकदा पाटकर म्हणाले की त्यांचे आजोबा, वडील आणि ते स्वतः, तिघंही हिशोबात पक्के, म्हणजे सवय रक्तात उतरली. अण्णांनी त्यांना पाऊण तास पार्किंगमध्ये उभं केलं. काकांची चूक काय ती समजावल्याशिवाय स्कूटरची चावी दिली नाही.

डासांच्या धुराची गाडी आली तर हा माणूस गाडीपुढे धावतो. थांबवायला नाही, हो. भाषण करायला. "अरे बाबा, धुराने डास शहाणे होत नाहीत. ज्यांना तुझा धूर बाधत नाही ते उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. तू डास मारत नाहीयेस, निवडतोयस!" गाडीवाला बिचारा म्हणतो, "काका, साइड में हो जाओ ना, पूरा धुआँ आपको लग रहा है." अण्णा खोकत खोकत वाक्य पूर्ण करतात.

उल्हासनगरच्या कापड बाजारात तर त्यांना बघून दुकानदार गल्ल्याखाली लपतात. माझ्या ओळखीचे एक सिंधी शेठ आहेत. अण्णा तिथे वीस लाल ताग्यांच्या कडा उजेडात नेऊन बघतात आणि काही न घेता निघतात. शेठ मला म्हणाले, "भाभी, ये आपके अंकल को लेना कुछ नहीं है, पर जाते-जाते बोल गए कि तुम्हारे दो थान का शेड अलग है. साईं, सच में अलग था."

आता तुम्ही म्हणाल, चिंध्यांचा आणि माशांचा संबंध काय. तो असा. कारखान्यात एक नियम होता, ज्याने बॅच बनवली त्याने ती पास करायची नाही. आपल्याच रंगावर आपला जीव बसलेला असतो, म्हणून दुसरा डोळा लागतो. माशांच्या कामात अण्णांचा दुसरा डोळा म्हणजे त्यांच्या बायको, कुसुमताई. दर दिवाळीच्या आधीच्या रविवारी दोघं गच्चीवर बसायचे आणि नर माशांना एक ते पाच नंबर द्यायचे. एक म्हणजे मातकट, पाच म्हणजे भडक. रजिस्टरमध्ये दोन रकाने, एक अण्णांचा, एक ताईंचा.

आणि कुसुमताईंना हे सगळं अजिबात पटलेलं नव्हतं! अण्णा पिंप एकला चार द्यायचे, त्या दोन द्यायच्या. म्हणायच्या, "दोन्हीकडचे मासे सारखेच आहेत. रंग माशांत नाही, तुमच्या कौतुकात आहे." मी त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकलेला आहे. नऊ वर्षं हे भांडण चाललं, आणि दोघांचेही चेहरे त्या दिवशी सणासारखे असायचे. दोन वर्षांपूर्वी कुसुमताई गेल्या. तेव्हापासून त्यांचा रकाना रिकामा. अण्णा चिंध्या घेऊन जिन्यात उभे राहायला लागले ते तेव्हापासून.

हे मला त्या दिवशी गच्चीवर कळलं. मी म्हटलं, "देते मी नंबर. पण मला माशांतलं काही कळत नाही." अण्णा म्हणाले, "उत्तमच."

घाई होती. सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला घेतलं होतं आणि सोमवारी माणसं येणार होती. पिंपं हलवायची म्हणजे मासे वाटून टाकायचे, दुसरी जागाच नाही. पाटकरांनी नोटीस लावली होती खरी, पण त्यांनाही आतून वाईट वाटत होतं. म्हणजे रविवार सकाळ ही शेवटची. अकरा वर्षांत कोण बरोबर, अण्णा की कुसुमताई, त्याचा निकाल त्या दिवशी लागला तर लागला.

सकाळी दहा वाजता टाकीच्या उत्तरेला मी खुर्ची टाकून बसले. पिंपं माझ्या पाठीमागे. पाटकर सरबताच्या काचेच्या ग्लासांना नंबर घालून एकेका ग्लासात एकेक नर आणत होते. दोन्ही पिंपांतले वीस-वीस, उलटसुलट, कुठला कुठून ते त्यांच्या कागदावर. अण्णांना त्यांनी जिन्याच्या दाराशी उभं केलं होतं, तोंड भिंतीकडे. हा नियम अण्णांचाच. नाहीतर म्हणे चेहऱ्यावरून कळेल.

मी सांगत गेले. "दोन. एक. पाच, बाई गं, काय शेपटी आहे. एक. चार." सुरुवातीला पाटकर चेष्टा करत होते. विसाव्या ग्लासानंतर ते नुसते नंबर लिहायला लागले. मीही ग्लास उजेडात धरून नीट बघायला लागले. मातकट आला की अगदी मातकट, भडक आला की केशरी, निळा, काळा ठिपका, जणू पैठणीचा काठ. मधलं काही येईना. मला पिंपांचं माहीत नव्हतं, पण यात दोन जाती होऊ घातल्यात हे आंधळ्यालाही कळलं असतं.

चाळीस झाले. पाटकरांनी कागद उघडला, बेरीज केली, परत केली. मग ते ओरडलेच, "अण्णा! जिंकलात तुम्ही! पिंप एक सगळं भडक, पिंप दोन सगळं मातकट. कसलं भारी आहे हे!" आणि त्यांनी अण्णांना चक्क मिठी मारली. मी पण टाळ्या वाजवल्या. काय सांगू, स्वतःच्या डोळ्यांनी असं काही बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. ब्लाउज शिवणारी बाई मी, आणि मी आज आजोबांना पास केलं होतं.

अण्णा हसले. कागद हातात घेतला. वाचता वाचता त्यांचं हसू कमी कमी होत गेलं.

"वहिनी, परत एकदा बघता?"

मी परत बघितले. सगळे नाही, पिंप एकचे वीस. नंबर तेच आले.

"अजून एकदा."

"अण्णा, नंबर बदलणार नाहीत. तुमचं बरोबर आहे. कुसुमताईंचं चुकलं होतं."

ते पिंपाच्या कडेला टेकले. "ती असती तर मी तिला दिवसभर ऐकवलं असतं," म्हणाले. "तीही ऐकून घेणारी नव्हतीच. म्हणाली असती, शिंपीणबाई तुमच्या बाजूची." मग पिंपातल्या पाण्यात बोट फिरवत राहिले. आणि एकदम मान वर करून, अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "तिच्या बाजूचा एकसुद्धा नाही का?"

मी कागद घेतला. पिंप एकची यादी वरून खाली बघितली. चार, पाच, चार, पाच. चौदाव्या ग्लासाला मी एक दिला होता. दोन्ही वेळा एक.

"आहे," मी म्हटलं. "एक आहे."

पाटकरांनी ग्लास शोधून आणला. अकरा वर्षं मरळीचं तोंडही न बघितलेल्या पिंपातला, आणि तरी साधा, राखाडी, कुठे ठिपका नाही की रेघ नाही. अण्णांनी तो उत्तरेकडे धरून खूप वेळ बघितला.

बाकीचे मासे आम्ही वाटले. कोणी घरी नेले, एक बादली पालेगावला नव्या बांधकामाच्या टाकीत डासांसाठी गेली. नदीत एकही टाकायचा नाही, हे तिथले मासे नव्हेत, अशी अण्णांची ताकीद होती. चौदा नंबर कोणाला दिला नाही. ग्लासावर तळवा झाकून ते तीन मजले पायऱ्या उतरले. मी रजिस्टर घेऊन मागे.

घरात आल्यावर त्यांनी ग्लास जेवायच्या टेबलावर ठेवला, आपल्या ताटाच्या समोरच्या बाजूला. खुर्ची ओढून बसले. चष्मा पुसून परत लावला. मी रजिस्टर ठेवून निघत होते, तेवढ्यात त्यांचा आवाज आला, अगदी रविवारच्या भांडणातला.

"बरं. एक तुझा, एकोणीस माझे. आता बोल."

मी दार हळूच ओढून घेतलं.