सत्काराचं ताट

निलंग्याजवळच्या गावात यात्रेला यंदा पहिल्यांदाच मुलींची कुस्ती लागली होती. शिवकन्या पंजाबी ड्रेसच्या आत कुस्तीचा पोशाख घालून वेळेआधीच आली आणि मान खाली घालून व्यासपीठाजवळ बसली. इथंच चुकलं. यात्रा कमिटीचे अध्यक्ष विरूपाक्षअप्पा यांच्या मते पैलवान पोरगी म्हणजे डोळे वटारणारी, मांड्या थोपटणारी. ही गरीब गाय त्यांना भलत्याच कामाची वाटली.

"पोरी, रिकामीच हायस ना? वर ये, हे ताट धर."

भल्याभल्यांना ढाक लावून आडवं करणाऱ्या शिवकन्याला मोठ्या माणसाला नाही म्हणणं बापजन्मात जमलं नव्हतं.

"अप्पा, माझी कुस्ती..."

"बघायला मिळंल की! आधी सरपंचाला शाल."

सरपंच झाले, माजी सरपंच झाले, मग मंडपवाल्याचाही सत्कार निघाला. तिकडं आखाड्यात तिच्याशी लढणारी वर्षाराणी शड्डू ठोकत फिरत होती.

"शिवकन्या मल्लिनाथ! हाय का न्हाई?" भोंगा ओरडला.

"हाय," शिवकन्या म्हणाली. हलगीच्या दणक्यात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

"भिऊन पळाली वाटतं," अप्पा तिलाच म्हणाले. "तू बघ कशी गुणाची!"

समोर गर्दीत तिचे वडील मल्लिनाथ बसले होते. आज जिंकलीस तर पुण्याच्या तालमीत धाडतो, नाहीतर दुकानात बसायचं, असं त्यांचं बोलणं झालं होतं. पोरीनं आपणहून कुस्ती सोडून ताट धरलं असं समजून मल्लिनाथ उठले आणि घरी चल म्हणून हात करू लागले.

"शेवटची हाक! मग वर्षाराणी विजयी!"

"अप्पा, हे जरा धरता का?"

अप्पांनी सवयीनं हात पुढं केले. ताटावर ओढणी आली, त्यावर ड्रेस आला, आणि पोर खाली उतरली.

वर्षाराणीनं आरोळी ठोकली. ती पुरी व्हायच्या आत तिची पाठ मातीला लागली होती.

"लागलं का ताई?" शिवकन्यानं तिला उठवून पाठ झटकली. मल्लिनाथ बाकावर चढून स्वतःच्याच मांड्या थोपटत होते.

"विजेत्या पैलवानाचा सत्कार अध्यक्षांच्या हस्ते!"

अप्पांचे दोन्ही हात ताटात अडकलेले. "आरं, कुणी धरा की हे!" त्यांनी मागं पाहिलं, तर सत्कार झालेली सगळी मंडळी नारळ सांभाळत बसलेली. शेवटी शाल सरपंचांनीच घातली.

फोटोवाला वाकला, पुन्हा सरळ झाला.

"अप्पा, ताट जरा खाली घ्या. पैलवानाचं तोंड झाकून राहिलंय."