नमुन्याबरहुकूम प्लग

पंजाबरावांचं पत्र येऊन चार महिने झाले, तरी शेषरावांनी उत्तर पाठवलं नव्हतं. उत्तरं सुचली होती पुष्कळ, पण प्रत्येकात त्यांना स्वतःलाच खोट दिसे. मेहुण्याने संग्रामपूरहून एवढंच लिहिलं होतं : ‘भाऊजी, बाबांची मोटारसायकल चालत असेल तर खुशाल ठेवा. नुसती उभी असेल तर कळवा. पोळ्यानंतर टेम्पो घेऊन येतो.’

गाडी नुसती उभी होती. ‘चालते’ लिहावं तर खोटं, ‘चालत नाही’ लिहावं तर गाडी गेली. शेषराव साखरखेर्ड्याच्या शाळेतून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. खोटं लिहायची सवय नव्हती आणि खरं लिहायची हिंमत नव्हती.

“माह्या बाबाची गाडी दादा नेईन, अन् तुमी चष्मा पुसत बसान!” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “याच गाडीवर बसून मी या घरात आली. पोळा तोंडावर आला. चालू करा, नाहीतर मीबी टेम्पोतच जातो!”

शेषरावांनी गाडीबरोबर आलेलं, तपकिरी कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. त्यात प्लगचा नंबर होता, चित्रही होतं. मग त्यांनी गाडीचा प्लग काढून चित्राशेजारी धरला. चित्रातल्या प्लगचे आटे लांब, हातातल्याचे आखूड. दुसरा कोणी असता तर प्लगवर संशय घेता. शेषरावांनी पुस्तकावर घेतला, आणि मग सवयीने स्वतःच्या डोळ्यांवर.

गाडी ढकलत गॅरेजला न्यावी, तर संध्याकाळपर्यंत बातमी संग्रामपूरला. म्हणून ते नुसता प्लग रुमालात गुंडाळून गॅरेजवाल्या रहेमतुल्लाकडे गेले.

“जुना नग आणला ना? बस झालं,” रहेमतुल्ला म्हणाला. नट असो की ब्लाऊजपीस, नमुना दाखवायचा आणि तसाच घ्यायचा, हा गावचा कायदा.

“पण पुस्तकात नंबर वेगळा...”

“गुरुजी, प्लग पुस्तकात बसवता का गाडीत? गाडीतून हाच निंघाला ना?”

“हो.”

“मंग!”

गॅरेजच्या बाकावरच्या मंडळींनीही बियाणं निवडावं तसा प्लग निवडून दिला. एकाच्या साडूच्या गाडीत लाल डबीवाला ‘झकास आला’ होता. दुसरा म्हणाला, निळी डबीच घ्या, औंदा सारा गाव निळ्यावर आहे. गेल्या साली सारा गाव ज्या बियाण्यावर होता त्याचं काय झालं, हे विचारण्याइतकं असभ्य तिथे कोणी नव्हतं.

शेषरावांनी दोन्ही घेतले आणि घरी येऊन आधी लाल बसवला. गाडी खोकली आणि बंद पडली. निळा बसवला. ती दोनदा खोकली, म्हणजे गावाचं मत अगदीच वाया गेलं नाही. किक मारून मारून गुडघा सुजला.

शेवटी शेजारचा पुंजाजी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन कुंपणाशी थांबला. या कपाशीला फवारणी लागत नाही, असं बियाणंवाल्याने छातीठोक सांगितल्यामुळेच त्याला हा पेट्रोलवरचा पंप घ्यावा लागला होता.

“काऊन गुरुजी, चालू नाही होऊन राह्यली?”

“प्लग मिळेना रे बरोबर.”

“प्लग असावा तर तुमच्या गाडीचा! माहा पंप एका दोरीत पेटते.”

“माझ्या गाडीचा? तो तर हा.” शेषरावांनी रुमाल उलगडला.

“हा? हा तं पंपाचा आहे! गाडी उभीच होती, म्हनून मीनं अदलाबदल केली. काकूले इचारलं होतं.”

ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या अन्नपूर्णाबाईंची मान ताटात गेली. “मले वाटलं, पाना मांगून राह्यला,” त्या पुटपुटल्या.

पंपातून निघालेल्या प्लगचे आटे लांब होते. चित्राबरहुकूम. गाडीत तो बसवताच दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. शेषरावांनी ती सुरूच ठेवून, सीटवरच कार्ड टेकवून लिहिलं : ‘गाडी चालते.’ इंजिनाच्या थरथरीने अक्षर बिघडलं. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. पुरावा म्हणून राहू दिलं.

पोस्टापर्यंत ते राजासारखे गेले. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज ऐकला, वळले, आणि पाराजवळ गाडी थांबली. टाकी कोरडी ठणठणीत.

वावराकडे निघालेला पुंजाजी मागून आला.

“पेट्रोलही तूच...?”

“प्लग तं देल्ला ना वापस! पेट्रोलचं तुमी इचारलंच कुठं?” तो पंप सावरत म्हणाला. “बसा, ढकलतो.”

शेषराव बसले. गॅरेजसमोरून जाताना रहेमतुल्लाने ओरडून विचारलं, “गुरुजी, चालते का?”

शेषरावांनी पोस्टाकडे मागे वळून पाहिलं. पेटी बंद होती.

“चालते,” ते म्हणाले. “तसं कळवलं आहे.”